बाकाचं चित्र पाहिलं, आता त्यावर आजीला बसवा

ऐरोलीहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला. वह्यांच्या मागच्या पानांवर वस्तू काढत बसते: पाणी निथळणारा छत्रीचा स्टँड, पिशव्या अडकवता येतील असा बसथांब्यावरचा बाक. तिला डिझाइनला जायचंय. बाबांचं म्हणणं, चित्रं काढून पोट भरत नाही. शिवाय गणित सोडू का, असा तिचा हट्ट सुरू आहे.

ताई, पानांचे फोटो पाहिले. छत्रीचा स्टँड राहू द्या, तसे बाजारात ढिगाने मिळतात. बाकापाशी मात्र थांबले. फळीच्या पुढच्या कडेला दोन आकडे, भाजीच्या पिशव्यांसाठी. हे घरबसल्या सुचत नाही. टोमॅटो चेपू नयेत म्हणून पिशवी मांडीवर घेऊन ताटकळलेलं कुणीतरी तिने पाहिलंय (बहुतेक तुम्हालाच). या क्षेत्रात ही नजर आधी लागते, चित्रकलेचा हात नंतर.

आता खोट. आकडा बाहेर आलाय, धावत्या पोराच्या कपाळाला लागेल. साध्या लोखंडाचा केला तर खाडीच्या हवेत गंजेल. बाकाच्या मधोमध तिने खुर्चीला असतो तसा टेकायचा हात दिलाय. गुडघेदुखीवाल्याला उठताना तो आधार होतो, पण थकलेल्या माणसाला आडवंही होऊ देत नाही. तो कुठल्या कारणासाठी काढलास, हे तिला विचाराच. मग घरातल्याच बाकड्याला पुठ्ठ्याचे आकडे बांधून, भरलेली पिशवी लावून आजींना बसवा. बैठकीची उंची साधारण ४५ सेंटीमीटर धरतात. आजींना किती सोयीची वाटते ते टेपने मोजू द्या. फसलेल्या प्रयत्नांचे फोटोही जपा. पोर्टफोलिओत, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायच्या कामांच्या संग्रहात, मला तेच आधी पाहायला आवडतं.

बाबांना सांगा, ते ज्या यंत्रावर बटण दाबून मत देतात, त्याच्या बाह्यरचनेवर पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागाच्या प्राध्यापकांनी काम केलंय. २०१० साली ठरलेलं रुपयाचं चिन्हही तिथेच शिकलेल्या उदय कुमार यांचं. ऐरोलीचा पूल ओलांडला की पवई काही फार लांब नाही.

पण गुलाबी चित्र रंगवणार नाही. घरगुती उपकरणं, फर्निचर, दवाखान्यातली साधनं यांत काम आहे. मोबाइलच्या पडद्यांचं डिझाइन करणाऱ्यांना जास्त. बाक आणि बसथांबे बहुतेक टेंडरमधून होतात, आणि तिथे डिझाइनरपेक्षा आर्किटेक्टचा शब्द चालतो. तिचा जीव चौक आणि थांब्यांतच रमत असेल, तर बी.आर्क. (आर्किटेक्टची पदवी) करून पुढे अर्बन डिझाइन, म्हणजे शहरातल्या सार्वजनिक जागांची रचना, हा रस्ता जास्त सरळ. त्याला गणित लागतं, म्हणून गणित सोडू नका. आयआयटीच्या बी.डेस.साठीची (डिझाइनच्या पदवीसाठीची) यूसीड ही प्रवेशपरीक्षा मात्र कुठल्याही शाखेतून देता येते: दोन तास संगणकावर, तासभर कागदावर. ती जास्तीत जास्त दोनदाच देता येते, तीही लागोपाठच्या वर्षी, त्यामुळे 'सहज बसून बघू' म्हणून एक संधी घालवू नका. एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, प्रवेशपरीक्षा वेगळी.

महागड्या क्लासबद्दल विचारलंत. अकरावीत नको. त्याऐवजी रविवारी तिला वही देऊन ठाणे स्टेशनबाहेर तासभर उभं करा आणि लोक ओझं कुठे टेकवतात तेवढंच काढायला सांगा. ती पानं मला पाठवा.