लेझर स्कॅनिंगने बोटीच्या हलचा (बाहेरच्या मुख्य कवचाचा) आकार डिझाइनबरहुकूम आहे का, हे कसं तपासायचं?

बोट किनाऱ्यावर टेकूंवर घ्या, हल धुऊन पूर्ण कोरडा करा. चकचकीत जेलकोट (हलवरचा राळेचा बाह्य थर) आणि काळा रंग लेझरला नीट परतवत नाहीत, बिंदू विखुरतात. तिथे मॅट स्प्रेचा पातळ थर मारा.

भोवती सहा ते आठ ठिकाणांहून स्कॅन करा. लगतच्या दोन स्कॅनमध्ये किमान तीन टार्गेट (स्कॅन एकमेकांशी जुळवायच्या खुणा) सामाईक हवीत, तीही एका रेषेत नकोत. ती जमिनीवर किंवा भिंतीवर लावा. कीलखालच्या (तळाच्या मधल्या कण्याखालच्या) भागासाठी स्कॅनर खाली ठेवा.

खरी गफलत जुळवणीत होते. सॉफ्टवेअरचं 'बेस्ट फिट' (स्कॅन मॉडेलवर आपोआप जास्तीत जास्त जवळ बसवणं) वापरलं की चूक सगळ्या हलवर वाटली जाते आणि हलमधला पीळ लपू शकतो. म्हणून आधी मध्यरेषा आणि डिझाइनची वॉटरलाइन (हलवरची पाण्याच्या पातळीची रेषा) पक्की करा, मगच डिझाइनच्या संगणकीय मॉडेलशी फरक काढा. मॉडेल नसेल तर डाव्या बाजूचं प्रतिबिंब उजवीवर ठेवून पाहा. असमानता लगेच कळते.

टेकूपाशी खोलगटपणा दिसला तर लगेच दोष ठरवू नका. दुसरा आधार देऊन टेकू सरकवा, पुन्हा स्कॅन करा. दाबाचा खड्डा बहुधा भरून येतो. एकाच बाजूला ऊन असताना मोजणी टाळा.