मित्र, नातेवाईक आणि छंद, या तिघांत मनापासून रमता कसं येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : नोकरी आणि घर सांभाळून जो वेळ उरतो तो मित्रांना द्यावा, नातेवाइकांना द्यावा की स्वतःच्या छंदाला? आणि सगळ्यांना थोडा थोडा दिला तरी कुठेच रमल्यासारखं का वाटत नाही? शिवाय शेवटी तुम्ही विचारलंय, की हातात कुठलीच कला नसलेल्या माणसाने कुठला छंद धरावा.

माझं म्हणणं असं, की वेळेची वाटणी करत बसूच नका. माणसं भेटतील तेव्हा हातात काहीतरी करायला असू द्या. नुसतं भेटणं हे वाटतं त्यापेक्षा अवघड काम आहे. दोन माणसं समोरासमोर बसली, की बोलण्याची सगळी जबाबदारी त्या दोघांवर येऊन पडते. ‘काय चाललंय?’, ‘काही नाही, तुमचं?’ इथवर गाडी येते, मग तब्येतीची चौकशी होते, मग फोन बाहेर निघतात. निघताना ‘भेटून बरं वाटलं’ म्हणतो खरं, पण आपण पाट्या टाकून आलो हे दोघांनाही कळलेलं असतं. त्यात माणसांचा दोष नाही. तेच दोघं एकत्र काहीतरी जोडत, रंगवत, विणत किंवा निवडत बसले तर मधली शांतता खटकत नाही. नजर कामावर असते, त्यामुळे जे डोळ्यांत बघून बोलता येत नाही तेही सहज बोललं जातं.

याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्रौढांसाठी चालणारे काही वर्ग त्यांनी 7 महिने पाहिले. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही सर्जनशील लेखनाचे. गाणाऱ्यांची आपसात ओळख फार झपाट्याने वाढली. पण 7 महिने संपता संपता हस्तकलावाले आणि लेखनवालेही आपापल्या गटात तितकेच जवळ आलेले होते. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. गाणं आलं तर उत्तमच, सूत लवकर जुळतं. पण गळा नसेल तरी बिघडत नाही, एकत्र नियमित काहीतरी करत राहणं पुरेसं ठरतं.

मित्रांबद्दल आधी. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी मैत्री व्हायला किती तास लागतात याचा अंदाज काढला होता. नुसत्या ओळखीचं जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण 50 तास, मैत्री म्हणावी इथपर्यंत यायला 90च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200हून अधिक. यातली मेख अशी, की कामानिमित्त सोबत काढलेले तास तितकेसे उपयोगी पडत नाहीत. म्हणून तर वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस परकाच राहू शकतो. आता हिशेब करून बघा. आठवड्याला 2 तास म्हणजे वर्षाला 100हून थोडे अधिक तास. ‘एकदा सगळे मिळून मोठी सहल काढू’ असं म्हणत वर्ष घालवण्यापेक्षा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी 2 तास भेटणं कितीतरी पटीने फळतं. त्यासाठी एक नियम मात्र कडक पाळावा लागतो : दोघे-तिघे येणार नसले तरी बैठक रद्द करायची नाही. दर वेळी सगळ्यांच्या सोयीचा दिवस शोधायला लागलात की गट मोडलाच म्हणून समजा.

आमच्या मित्रमंडळात चित्रकला येणारे फारसे कुणी नाहीत. मी स्वतः रेखाटनं करते, पण बाकीचे ‘आम्हाला साधी रेघ सरळ काढता येत नाही’ म्हणून हात झटकायचे. त्यांच्यासाठी एक खेळ आहे, जो चित्रकलेच्या वर्गांत सराव म्हणून देतात. दोघांनी समोरासमोर बसायचं आणि एकमेकांचा चेहरा काढायचा. अट अशी, की कागदाकडे अजिबात बघायचं नाही आणि पेन कागदावरून उचलायचं नाही. नजर समोरच्याच्या कपाळावरून भुवईवर, भुवईवरून नाकाच्या कडेने खाली सरकते आणि त्याच वेगाने हात चालत राहतो. दोन मिनिटांनी खाली बघावं तर एक डोळा कानाजवळ, ओठ हनुवटीच्या बाहेर. ज्याला चित्र येतं आणि ज्याला येत नाही, दोघांचंही सारखंच वेडंवाकडं होतं, म्हणून कुणी कुणाला बिचकत नाही. हसून हसून पुरेवाट होते हे खरंच, पण मला त्यातलं वेगळंच काही आवडतं. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीच्या डाव्या भुवईत बारीकशी खूण आहे हे मला अशाच एका बैठकीत पहिल्यांदा दिसलं. ती खूण लहानपणी कशी पडली ते सांगता सांगता तिने तिच्या भावाविषयी जे सांगितलं, ते त्याआधी कधीच बोलली नव्हती. दोन मिनिटं कुणाचा चेहरा नीट बघायची वेळ आपल्यावर एरवी येतेच कुठे?

जुने मित्र दुरावले असतील तर फार विचार न करता निरोप पाठवा. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासमालिकेत असं दिसलं, की आपण सहज आठवण काढली तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा आपला अंदाज सहसा कमीच निघतो. निरोप जितका अनपेक्षित, तितका तो जास्त आवडतो.

आता गोतावळा. माझ्या मते सगळ्यात मोठा खजिना इथेच आहे आणि तो सगळ्यात दुर्लक्षितही आहे. मावशी, आत्या, काका, चुलत-मामे भावंडं, त्यांची मुलं यांच्याशी आपलं बोलणं बहुतेक वेळा समारंभाच्या गर्दीत होतं, आणि तिथे पगार, लग्न, वजन यापलीकडे विषय जात नाही. या मंडळींसोबत करण्याजोगं एक काम मी मनापासून सुचवेन : घरातले जुने फोटो एकत्र बसून लावणं.

हे काम वरवर कंटाळवाणं वाटतं, पण एकदा हाती घेतलं की सुटत नाही. सगळे फोटो एका मोठ्या चादरीवर पसरायचे. हात धुऊन, कोरडे करून बसायचं आणि फोटो कडेला धरायचा, म्हणजे बोटांचे ठसे उमटत नाहीत. मागे नावं लिहायची ती मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, कोपऱ्यात. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो असतील तर ते ओढून काढू नका, आधी आहेत तसेच मोबाइलवर टिपून घ्या. लहान मुलांना फोटो काळानुसार लावायचं काम द्या. कपड्यांवरून, केसांवरून, कोणाच्या कडेवर कोण आहे त्यावरून ती बरोबर माग काढतात.

आणि वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारताना बारकाईचे विचारा. ‘तुमच्या वेळी कसं होतं?’ असं विचारलं की ठरीव उत्तर येतं : ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ त्याऐवजी ‘या घरात दारातून आत आल्यावर डाव्या हाताला काय होतं?’ असं विचारून बघा. माझी एक आत्या मितभाषी म्हणून प्रसिद्ध आहे. ती क्रोशाचं विणकाम करते. फोटो लावत होतो तेव्हा ती बाजूला बसून विणत होती, मान खाली, ओठ हलवत टाके मोजत. मी एक फोटो पुढे करून विचारलं, ‘आत्या, ही खिडकी कुठल्या खोलीची गं?’ तिने हातातला खांब, म्हणजे क्रोशातला उंच टाका, पूर्ण केला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, ‘ती खिडकी नाही, ते दार आहे. खालचा अर्धा भाग बंद ठेवायचे, तू रांगत बाहेर जाऊ नयेस म्हणून.’ मग सुई पुन्हा चालू झाली आणि तिचं बोलणंही. ते दार, त्या दाराशी बसून शिकलेला पहिला टाका, तो कुणी शिकवला, त्या बाईचं पुढे काय झालं, सगळं ओघाने येत गेलं. मध्येच ‘थांब, मोजू दे’ म्हणायची, ओळ पुरी करायची आणि सोडलं होतं तिथूनच पुढे सांगायला लागायची. माझा ठाम विश्वास आहे, की हातात विणकाम नसतं तर ती एवढं बोलली नसती.

असं काही चालू असेल तेव्हा, विचारून, मोबाइलवर आवाज मुद्रित करून ठेवा. चित्रफीत काढू नका, कॅमेरा दिसला की माणसं सावरून बसतात.

गोतावळ्यातल्या प्रत्येकाशी जवळीक असलीच पाहिजे असं मात्र नाही. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मांडणीनुसार माणूस एकूण 150च्या आसपास नाती टिकवू शकतो, आणि त्यातही अगदी आतल्या वर्तुळात जेमतेम 5 जण मावतात. त्यात नातेवाईकही आलेच. तेव्हा ज्यांच्याशी पटतं त्यांच्याशी घट्ट राहा, बाकीच्यांशी गोडीने. आणि ज्याच्यासोबत बसलं की जीव गुदमरतो अशा माणसाला केवळ नात्यापोटी वेळ देत राहायचं बंधन मी तरी मानत नाही.

छंदाचं बोलू. वर मी सगळं एकत्र करा म्हटलं, तरी छंदाचा थोडा भाग फक्त स्वतःसाठी राखून ठेवा. तो कुणाला दाखवायचा नाही, विकायचा तर अजिबात नाही. हल्ली जरा काही बरं जमलं की जवळचीच माणसं म्हणतात, ‘याच्या ऑर्डरी घे की!’ प्रेमानेच म्हणतात, पण सांभाळा. 1973 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं अशीच मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काहींना न सांगता नंतर बक्षीस दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिलं तर बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम मोबदल्यासाठी करायला लागलं की आवड आटते, हे त्या इवल्या मुलांतसुद्धा दिसलं. ज्यांना त्यावर पोट भरायचं आहे त्यांची गोष्ट निराळी. तुम्ही विरंगुळा शोधताय, तर तो विरंगुळाच राहू द्या.

‘जमत नाही’ या भीतीबद्दलही सांगते. 2016 मध्ये फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठात 39 प्रौढांना 45 मिनिटं माती, रंगीत पेनं आणि चिकटकामाचे कागद देऊन हवं ते करायला सांगितलं. त्यांतल्या सुमारे 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. पूर्वी कला केलेली असो वा नसो, त्याने फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण वहीवर चार रेघोट्या मारल्यावर खांदे सैल पडतात, हे मी स्वतःवर इतक्यांदा अनुभवलंय की मला ते पटायला जड गेलं नाही.

दूर राहणाऱ्या माणसांसाठी एक सोय आहे. व्हिडिओ कॉल लावून ठेवायचा आणि दोन्हीकडे आपापलं काम करत बसायचं. बोलायलाच हवं असं नाही. माझी मामेबहीण समुद्रापार असते. तिकडे ती शिवणयंत्रावर बसते, इकडे मी रंगांची थाळी घेऊन. यंत्राचा आवाज थांबला की समजावं, आता ती काहीतरी सांगणार.

राहिला शेवटचा प्रश्न, कुठला छंद धरावा. माणसांमध्ये बसून करायचा असेल तर तीन गोष्टी बघा. मध्येच सोडून उठता आला पाहिजे, बोलता बोलता करता आला पाहिजे आणि सगळं सामान एका पिशवीत मावलं पाहिजे. क्रोशे, साधं भरतकाम, शिसपेन्सिलीचं रेखाटन, कागदाच्या घड्या घालून वस्तू करणं, वह्या शिवणं हे सगळं त्यात बसतं. तैलरंग बसत नाहीत, ते वाळायला दिवसचे दिवस लागतात आणि वासाने बाकीचे हैराण होतात. लाकूडकामही नाही, यंत्राच्या आवाजात गप्पा कसल्या होणार! ते एकट्याच्या वेळेसाठी ठेवा. क्रोशे निवडलंत तर पहिल्यांदा जाड, फिकट रंगाची लोकर घ्या. गडद लोकरीत टाके दिसत नाहीत आणि शिकणारा वैतागून सोडून देतो. आणि व्हिडिओ बघून शिकण्याआधी घरातल्या, नात्यातल्या कुणाला येतं का ते विचारा. येत असलं तर टाक्यांची पहिली साखळी त्यांच्याच शेजारी बसून घाला.