फी भरण्याआधी एवढं करा

कर्ज काढून ऑनलाइन कोर्स घ्यायचा विचार आहे म्हणालात, म्हणून घाईने लिहितोय. थोडं थांबा. आधी त्याच विषयातलं फुकट मिळणारं काहीतरी महिनाभर करून बघा. कोडिंग शिकायचं असेल तर फ्रीकोडकॅम्प या संकेतस्थळावर अभ्यास आणि प्रमाणपत्र दोन्ही मोफत आहेत. कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर बऱ्याच कोर्सना आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो. उत्पन्न किती, कोर्स कशासाठी हवा, हे खरं आणि सविस्तर लिहा. लाजू नका, ती सोय तुमच्यासाठीच आहे.

पैसे भरायचेच ठरलं, तर मासिक वर्गणीचं गणित समजून घ्या. तिथे फी महिन्यांवर असते, धड्यांवर नाही. कामाच्या धबडग्यात २ महिन्यांचा कोर्स ५ महिने रेंगाळला की खर्च अडीचपट. मी असे पैसे घालवलेत, आणि ते पोटाला चिमटा काढून साठवलेले होते. त्यामुळे सलग वेळ मिळणार असेल तेव्हाच वर्गणी सुरू करा. परीक्षेची फी वेगळी आहे का, तेही विचारा.

‘आजच भरा, उद्या सवलत संपेल’ असं कुणी फोनवर म्हणालं, तर सरळ फोन ठेवा. परताव्याचे नियम लेखी मिळेपर्यंत काहीही भरू नका.