चक्करवरची गोळी ‘ॲलर्जीरोधक’ कशी?

प्रश्न असा आला आहे: चक्करवरच्या एका गोळीच्या माहितीपत्रकाचं मराठी करताना ‘व्हर्टिगो’ला चक्कर म्हणावं, भोवळ म्हणावं की घेरी? आणि याच गोळीच्या वर्णनात ‘अँटिहिस्टामिन’ असं येतं, तिथे ‘ॲलर्जीरोधक’ चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही चालणार. ‘ॲलर्जीरोधक’ने त्या औषधाचा एक उपयोग कळतो, ते करतं काय हे कळत नाही. हिस्टामिन हे शरीरातलंच एक रसायन. ते फक्त नाक गाळत नि अंग खाजवायला लावत बसत नाही, मेंदूत निरोप पोचवण्याचं कामही करतं. आतल्या कानाकडून तोलाची खबर मेंदूच्या ज्या केंद्रांत पोचते, तिथेही त्याचा शिरकाव आहे. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेट यांसारखं चक्करवरचं औषध तिथे त्याची वाट अडवतं आणि गरगर, मळमळ कमी होते. हे कळलं तेही अपघातानंच. १९४७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला डायमेनहायड्रिनेट दिलं होतं. तिला ट्रॅम लागायची, ती लागेनाशी झाली!

म्हणून ‘हिस्टामिनरोधक’ लिहा. मात्र सगळेच हिस्टामिनरोधक गरगरण्यावर चालतात असं नाही. सेटिरिझिन, लोराटाडिन ही नवी मंडळी मेंदूत फारशी शिरत नाहीत, त्यामुळे इथे त्यांचा उपयोग नाही. जुन्या गोळ्यांनी झोप येते तीही त्या मेंदूत शिरतात म्हणूनच. आणखी एक चकवा म्हणजे बीटाहिस्टीन. नावात ‘हिस्ट’ दिसलं आणि गोळी चक्करवरची आहे, एवढ्यावरून त्याला हिस्टामिनरोधक म्हणू नका. त्याची घडण हिस्टामिनसारखीच आहे आणि कामाची तऱ्हा वेगळी.

आता चक्कर. आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना हा एकच शब्द वापरतो. उठून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, तीही चक्कर. चालताना झोक जातो, तीही चक्कर. आणि पडल्या पडल्या कुशीवर वळावं तर छत फिरू लागतं, तीही. व्हर्टिगो ही फक्त शेवटची. लॅटिनमधल्या ‘फिरणे’ या अर्थाच्या धातूवरून तो शब्द आला आहे. लहान मुलं गोल गोल फिरून एकदम थांबतात तेव्हा जमीन फिरते ना, अगदी तसं. पाय थांबलेले असतात, कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव थांबलेला नसतो.

व्युत्पत्ती पाहिली तर ‘भोवळ’ चपखल. भोवणे म्हणजे फिरणे, भोवरा त्याच घरातला. पण शब्द जन्मावर नाही, वापरावर चालतात. ‘उन्हात भोवळ येऊन कोसळले’ असं आपण वाचतो तेव्हा त्या माणसाची शुद्ध हरपली, झीट आली, असंच समजतो. ‘घेरी’ मला आवडते, तिच्यात घेर आहे, पण तिचीही ओढ आता शुद्ध जाण्याकडेच. आयुर्वेदातला ‘भ्रम’ अर्थानं नेमका खरा, पण आजच्या वाचकाला तो गैरसमज वाटणार.

मी क्रियापद वापरेन: गरगरणे. नाहीतर पत्रकात काय होईल पाहा. उपयोगाच्या ओळीत ‘चक्कर येण्यावर’ आणि खाली दुष्परिणामांत पुन्हा ‘चक्कर येणे’! इंग्रजीत तिथे दोन वेगळे शब्द असतात, मराठी वाचक मात्र गोळी घ्यावी की टाळावी अशा पेचात पडतो. औषधाच्या दृष्टीनंही फरक मोठा आहे. रक्तदाब उतरल्यानं येणाऱ्या अंधारीवर ही गोळी कामाची नाही. कुशीवर वळताच गरगरतं त्यामागे बहुधा कानातले सुटलेले कण असतात. ते जागेवर आणायला डॉक्टर डोकं ठरावीक क्रमानं वळवतात, गोळीनं ते हलत नाहीत. इतर वेळीही ही गोळी बहुधा थोडे दिवसच देतात, कारण ती लांबली तर मेंदूचं तोल पुन्हा शिकणं रेंगाळतं.

तर उपयोगाची ओळ अशी करा: ‘आजूबाजूचे सारे गरगर फिरत असल्यासारखे वाटणे व त्यासोबतची मळमळ यांवर.’ खाली दुष्परिणामांत ‘झोप येणे, डोके हलके वाटणे’. लांबलं खरं, पण पेच सुटला.