‘कार्टूनपायी एवढं रडते का कोणी?’

एखाद्या अ‍ॅनिमेटेड मालिकेचा सीझन संपतो, शेवटच्या भागात लाडकं पात्र जातं आणि घरातलं सोळा-सतरा वर्षांचं मूल चार-चार दिवस नीट जेवत नाही, झोपत नाही, विचारायला गेलं तर अंगावर येतं. अशा वेळी पालकांना रडण्यापेक्षा रडण्याच्या कारणाची जास्त भीती वाटते. हिला खरं-खोटं कळतं ना, डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना? या काळजीवर नागपुरातल्या समुपदेशनातली ही एक केस. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मालिकेचं नाव देत नाही आणि तिच्या कथेतल्या खुणाही बदलल्या आहेत.

मुलगी अकरावी सायन्सची, घर मानेवाड्यात, ट्यूशन नंदनवनला. पहिली पंधरा मिनिटं आई एकटीच बोलली. “मॅडम, कार्टूनपायी एवढं रडते का कोणी? शनिवारपासून डबा तसाच वापस येऊन राहिला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल पाहून राहिली. काय झालं विचारलं तं म्हणते, तुला नाही समजणार, जाऊ दे न.” रविवारी सकाळी घरी पाहुणे होते. तर्री-पोहे खाताना वडिलांनी मालिकेत मेलेल्या पायलटवरून सगळ्यांसमोर विचारलं, “तुझ्या पायलटची तेरवी कधी आहे?” मुलगी उठून खोलीत गेली. सोमवारी मोबाईल काढून घेतला, तेव्हापासून तिनं आईशीही बोलणं टाकलं.

अशा मुलांना पहिल्या भेटीत ‘का रडतेस’ असं विचारू नये. त्या प्रश्नात ‘रडण्यासारखं काय आहे’ हे आधीच येऊन जातं आणि मूल बचावाला लागतं. ‘गोष्ट सांग’ म्हणावं आणि दहा-बारा मिनिटं मध्ये तोंड घालू नये. पात्रांची नावं कागदावर लिहून घ्यावीत, म्हणजे पुढे चुकीचं नाव तोंडातून जात नाही. एवढी एक गोष्ट सांभाळली तरी निम्मा अविश्वास गळतो. या मुलीनं गोष्ट नीट सांगितली: बारा भागांचा सीझन, मोडकं मालवाहू यान, त्यावरची सहा माणसं. शेवटच्या भागात बाकीच्यांना निसटता यावं म्हणून वैमानिक मुलगी एकटी मागे राहते आणि दार आतून बंद करते. सांगताना मुलीचे डोळे भरले, पण आवाज शाबूत होता. ‘ती मेली’ म्हणताना ती थांबली नाही. थांबली ती ‘मग मी ऑनलाइन गेले’ या वाक्यापाशी. तिथं बोट ठेवायचं असतं.

त्याआधी एक प्रश्न सरळ विचारून घ्यायचा: जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का? विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, उलट मुलांना सुटल्यासारखं वाटतं. तिचं उत्तर ‘नाही’ होतं. झोप आणि भूक सोडली तर बाकी दिनक्रमही टिकून होता, ट्यूशन तिनं एकदाही बुडवली नव्हती.

मग शनिवारची रात्र तासांप्रमाणे कागदावर मांडली. मालिका जपानी, आणि जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथं मध्यरात्री बाराला लागणारा भाग त्याच वेळी इकडे आला, तर आपल्याकडे शनिवारचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. आठ तीसला भाग सुरू, आठ चोपन्नला संपला. नऊ ते दहा पुण्याला गेलेल्या मैत्रिणीशी कॉल, दोघी मिळून रडल्या. सव्वादहापासून मृत्यूच्या प्रसंगाच्या क्लिपा, गाणं लावून कापलेल्या, संथ केलेल्या, एकामागून एक आपोआप लागणाऱ्या. पुढे रिअ‍ॅक्शन व्हिडिओ, म्हणजे भाग बघताना लोकांनी स्वतःचेच काढलेले. अकरा चाळीसला तिनं एक कमेंट टाकली. साडेबारापासून उत्तरं यायला लागली. दोन दहाला मोबाईल ठेवला. चोवीस मिनिटांच्या भागामागे हे असे पाच तास होते, आणि आईला त्यातलं फक्त रडणं दिसलं होतं.

कमेंटचं प्रकरण दुसऱ्या भेटीत उघडलं. श्रेयनामावलीतून तिनं त्या प्रसंगाची चित्रं काढणाऱ्या एका अ‍ॅनिमेटरचं नाव शोधलं आणि त्याच्या पानावर जाऊन ‘तुझ्यासारख्यानं हे काम सोडून द्यावं’ असं लिहिलं. कुणी तरी त्याचा स्क्रीनशॉट फिरवला. मग तिच्यावरच शिव्यांचा पाऊस पडला, त्यात तिच्या इंग्रजीची टिंगल आणि ती कुठली आहे यावरून घाणेरडे शेरे. घशाखाली घास उतरत नव्हता तो मुख्यतः या लाजेमुळे. आईला सांगावं तर ‘म्हणूनच म्हणते, मोबाईल नको’ हे उत्तर ठरलेलं होतं.

म्हणून पात्राचं दुःख आणि नंतरच्या तासांनी त्यावर चढवलेलं ओझं, ही दोन्ही वेगळी करून बघावी लागतात. पहिलं दुःख खरं असतं आणि साधारणपणे आपोआप ओसरतं. पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचं एकतर्फी नातं जुळतं, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी टीव्ही नवा असताना, १९५६ सालीच मांडलं. आणि ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःख मानतच नाहीत ते जास्त सलतं, हे केनेथ डोका यांनी १९८९च्या पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे. तेरवीची थट्टा त्यातच मोडते. दुसरं ओझं मात्र आपोआप उतरत नाही, ते हातानं उतरवावं लागतं.

इथं समुपदेशकाला मालिका कशा बनतात याची माहिती फार कामाला येते. ‘राग सोड’ म्हणून राग सुटत नाही, पण तो चुकीच्या माणसावर काढला हे मुलाचं मुलालाच दिसलं तर सुटतो. कोरा कागद देऊन तिला विचारलं, पायलट मरणार हे कुणी ठरवलं असेल? तिला बरंच माहीत होतं, फक्त त्या रात्री आठवलं नव्हतं. जपानी टीव्हीवर तीन महिन्यांचं एक सत्र असतं, त्यात बारा-तेरा भाग बसतात. भाग सुमारे चोवीस मिनिटांचा, त्यातून सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं प्रत्येकी दीड मिनिटाचं, म्हणजे गोष्टीला उरतात एकवीस मिनिटं. म्हणूनच शेवटच्या भागात पुष्कळदा सुरुवातीचं गाणं गाळतात, तेवढीच जागा मिळते. कथेचा आराखडा दिग्दर्शक आणि मुख्य लेखक आधी ठरवतात, पैसे घालणाऱ्या कंपन्यांचंही म्हणणं असतं. मग पटकथा, मग स्टोरीबोर्ड म्हणजे दृश्यांचा चित्रांतला कच्चा आराखडा, आणि त्यानंतर अ‍ॅनिमेटरच्या हाती त्याच्या वाट्याचे काही तुकडे येतात. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम धावतात. हाताने काढलेली चित्रं त्यात बहुधा १२ किंवा ८ असतात. महत्त्वाच्या मुद्रा एक जण काढतो, मधली चित्रं दुसरे भरतात. कोण जगणार नि कोण मरणार हे त्यांच्यापैकी कुणाच्याच हातात नसतं. कागदावर बाण काढता काढता मुलगी म्हणाली, “त्यानं तर तिचा हात दारावर किती छान काढला होता. मी त्यालाच बोलले.” यापुढे तिला समजावून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चाहत्यांचा राग ही काही आजची गोष्ट नाही, हेही तिला कळायला हवं होतं. स्वतःला ती एकटीच वेडी समजत होती. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकानं १८९३मध्ये कथेत मारलं तेव्हा वाचक खवळले होते. ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही जपानी विज्ञानकथा मालिका मार्च १९९६मध्ये संपली. शेवटच्या दोन भागांत बाहेरचं युद्ध बाजूला ठेवून पात्रांच्या मनातच सगळं घडतं. प्रेक्षकांनी स्टुडिओकडे रागाची पत्रं धाडली. १९९७मध्ये चित्रपटातून दुसरा शेवट आला, त्यात त्या पत्रांची क्षणभर झलकही दिसते. म्हणजे राग बनवणाऱ्यांपर्यंत पोचतो, आणि तो वाचणारी माणसंच असतात.

यानंतर करायच्या गोष्टी ठरवल्या. कमेंट काढायची, पण आधी आलेल्या शिव्यांचे आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे. मग तिथंच दोन ओळींची माफी: मी चुकीच्या माणसावर राग काढला, माफ करा. कारण द्यायचं नाही, वयाचा दाखला द्यायचा नाही, ‘पण’ घालायचा नाही. स्पष्टीकरण दिलं की त्यावर पुन्हा भांडण उभं राहतं. माफी टाकल्यावर त्या पानाच्या सूचना बंद आणि सात दिवस तिकडे फिरकायचं नाही. शिव्या देणाऱ्यांना ब्लॉक आणि रिपोर्ट, उत्तर एकालाही नाही. कुणी पत्ता, शाळा-कॉलेज किंवा फोटो उघड केला असता तर पालकांना घेऊन सायबर पोलिसांकडे जायचं, हेही ठरवून ठेवलं. तशी वेळ आली नाही. अकाउंट मात्र बंद करायचं नाही. घाबरून अकाउंट उडवणारी मुलं बरेचदा दुसऱ्या नावानं परत तिथंच जातात आणि मग घरच्यांना काहीच कळत नाही.

क्लिपांवर बंदी घातली नाही. क्लिपेत फक्त मृत्यू असतो, त्याच्या आधीची वीस मिनिटं आणि नंतरचा निरोप नसतो. त्यामुळे मन त्याच क्षणावर अडकून राहतं. म्हणून आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद केली, आणि शेवटचा भाग एकदाच, पूर्ण, दुपारच्या उजेडात, मैत्रिणीला कॉलवर घेऊन पाहायचा ठरला. ती रडली, पण कमी. दुसऱ्यांदा पाहताना तिच्या लक्षात आलं की पायलट तिसऱ्या भागातच दाराच्या बिघाडाबद्दल बोलली होती. असं काही सापडलं की मन बनवणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतं.

वेगळा शेवट लिहून बघ, असं बरेच समुपदेशक सांगतात. उपाय चांगला आहे, पण मर्यादा घालावी लागते: दोन पानं आणि एकच मसुदा. मर्यादा नसेल तर मूल रोज नवा शेवट लिहितं आणि पात्राला रोज पुन्हा मरू देतं. या मुलीनं दीड पान लिहून सोडून दिलं. तिला तिचाच शेवट पटला नाही.

आता मोबाईल. सोमवारी तो काढून घेतला तेव्हा आईला वाटलं, रोगाचं मूळच काढलं. प्रत्यक्षात मुलीची पुण्याची मैत्रीण तुटली. त्या दोघी शाळेत एका बाकावर बसायच्या. दहावीनंतर मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली आणि शनिवारी साडेआठचा हा एपिसोड हीच दोघींची ठरलेली भेट उरली होती. बारा आठवडे ती चालली. सीझन संपला तेव्हा पायलटसोबत ही वेळही गेली होती, आणि पुढचा शनिवार रिकामा आहे हे कुणीच मोजलं नव्हतं. म्हणून साडेआठची वेळ तशीच राखली. त्या वेळेत काय करायचं ते त्यांनीच ठरवावं, अट एवढीच की लगेच दुसरी मालिका धरायची नाही. निदान तीन आठवडे. रिकामी जागा घाईनं भरली तर नवी मालिका आवडत नाही, जुनी मात्र आणखी आठवते. पहिल्या शनिवारी दोघींनी केमिस्ट्रीचा धडा केला आणि वैतागल्या. दुसऱ्या शनिवारी चित्रं काढली. मोबाईल परत मिळाला, पण रात्री साडेदहाला तो हॉलमधल्या चार्जरवर लावायचा, आणि आई-वडिलांचाही तिथंच. हा नियम एकट्या मुलाला लावला की टिकत नाही.

वडिलांची वेगळी भेट घेतली. त्यांनी माफी मागावी असं सुचवलं तेव्हा ते गप्प बसले. लेकीला सॉरी म्हणणं काही वडिलांना जमत नाही, त्यांच्यावर जोर करण्यात अर्थ नसतो. त्यांना दुसरं काम दिलं: पहिला भाग तिच्यासोबत पूर्ण पाहायचा. मधे मोबाईल बघायचा नाही, हसायचं नाही, शेवटी एक खरा प्रश्न विचारायचा. ते एमआयडीसीत मशीन शॉपला आहेत. त्यांनी विचारलं, “एवढ्या जुन्या इंजिनाला ही पोरगी एकटी कशी सांभाळते? फिटर नाही का यांच्याकडे?” मुलगी अर्धा तास समजावत बसली. वडील पुढे पाचव्या भागापर्यंत पोचले आणि तिथंच थांबले, त्यांना शेवट आधीच माहीत असल्यामुळे पाहवेना.

झोप आठवड्याभरात रुळावर आली, डबाही संपायला लागला. सहामाहीत फिजिक्सचे मार्क मात्र गेलेच, ते त्या आठवड्याचं नुकसान होतं आणि पालकांनी ते तसंच स्वीकारावं असं सांगितलं. शेवट तिला आजही पटलेला नाही, आणि तो पटायलाच हवा असा कुणी आग्रह धरू नये.

पालकांनी कधी जास्त काळजी करावी? उदासी दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवड्यांच्या वर टिकली; ज्या गोष्टींत रस होता त्या सगळ्यातूनच मन उडालं; शाळा-ट्यूशन सुटली; किंवा मरणाचं बोलणं, स्वतःला इजा करणं दिसलं, तर वाट पाहू नये. मरणाचं बोलणं एकदा आलं तरी पुरे, दोन आठवडे मोजत बसायचं नाही. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक चोवीस तास फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार ओपीडीत दाखवता येतं.

पुढच्या सीझनची घोषणा होईल तेव्हाची तयारी मुलीनं स्वतः लिहून ठेवली आहे. रविवारी सकाळी टेस्ट असेल तर भाग शनिवारी रात्री पाहायचा नाही, रविवारी दुपारी पाहायचा, आणि तोपर्यंत स्पॉयलर, म्हणजे गोष्ट आधीच फोडणाऱ्या पोस्ट, येऊ नयेत म्हणून मालिकेचं आणि पात्रांची नावं म्यूट करायची. भाग संपल्यावर आधी मैत्रिणीला कॉल, कमेंट टाकायचीच झाली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मैत्रिणीनं यात एक भर घातली आहे: श्रेयनामावली पूर्ण बघायची, पण कुणाचंही पान शोधायचं नाही.