कादंबरीतला तुरुंग डोक्यातून जात नाही तेव्हा

"गोष्ट खोटी आहे, हे समजते ना मला. मग झोप काहून उडाली?"

समुपदेशनासाठी आमच्याकडे येऊन हे विचारणारे गृहस्थ 43 वर्षांचे, लेखा विभागात नोकरी, कॉलेजपासून वाचनाचा नाद. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) संशयावरून पकडलेल्या एका साध्या कारकुनाची अनुवादित कादंबरी त्यांनी चार रात्रींत जवळजवळ संपवली होती. अंधारकोठडी, चौकशी, मार, फाशीची वाट पाहणं. शेवटची चाळीसेक पानं राहिली आणि पुस्तक मिटलं. त्यानंतर आठवडाभर पहाटे तीनला जाग, घास घशाखाली उतरेना. ऑफिसला जाताना नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत दिसू नये म्हणून वर्धा रोड सोडून लांबचा रस्ता. बायको म्हणाली, पुस्तक लायब्ररीत परत करून टाका. ते म्हणाले, परत केलं तरी डोक्यातून जाईल का? मोबाइलवर शोधून त्यांनी स्वतःच निदानही ठरवलं होतं: पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक विकार.

ते निदान आधी बाजूला ठेवावं लागलं. 2013 च्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की टीव्ही, चित्रपट किंवा चित्रांतून पाहिलेला प्रसंग या विकारासाठी आघात म्हणून धरला जात नाही. कामाचा भाग म्हणून ते पाहावं लागत असेल तर गोष्ट वेगळी. कादंबरी वाचून होणारा त्रास खरा असतो, पण तो हा आजार नव्हे. मात्र म्हणून "मनावर घेऊ नका" म्हणून पाठवायचंही नसतं. अशा वेळी पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात. एकूण गुण 27. दहा किंवा त्याहून जास्त आले तर पुढे नीट तपासणी करावी लागते. यांचे आठ होते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, तो कागदावर न सोडता तोंडी आणि सरळ विचारायचा. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. त्यांचं उत्तर स्पष्ट "नाही" होतं.

मग खरं काम सुरू झालं. पुस्तक कसं वाटलं, हा प्रश्न इथे फारसा उपयोगी नाही. कुठल्या पानावर मिटलं, हे विचारावं. मारहाणीचे प्रसंग त्यांनी सलग सांगितले, फाशीचंही सांगितलं, आवाज कुठे अडला नाही. अडला तो भेटीच्या प्रसंगावर. म्हातारी आई डबा घेऊन फाटकाशी येते, पाळी येईपर्यंत भेटीची वेळ संपते, आणि डबा तसाच परत जातो. इथे ते गप्प झाले. नंतर हळूच म्हणाले, "एप्रिल 2021 मध्ये बाबा भरती होते. आत सोडत नव्हते. डबा गेटवर द्यायचो. शेवटचा डबा परत आला."

ज्या प्रसंगाला घाबरलो असं वाचकाला वाटतं तो एक असतो आणि जिथे मन अडकलेलं असतं तो दुसराच, हे वारंवार दिसतं. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या 'अभिनवभारती' या टीकेत रसाच्या आस्वादात येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे रसिकाने स्वतःच्याच सुखदुःखाच्या ताब्यात जाणं. दुःख कारकुनाचं, आईचं, कुणाचंही असतं तोवर करुण रस असतो. ते अचानक फक्त आपल्या बाबांचं झालं की रस संपतो आणि जखम दुखू लागते. त्यांना हे सांगितल्यावर "मी कमकुवत आहे का" हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

वाचण्याची पद्धतही त्रासात भर घालत होती. रात्री अकरानंतर, अंथरुणात पडून, एका बैठकीत शंभर पानं, आणि मग दिवा बंद. त्या प्रसंगांनी उठलेलं शरीर निवायला वेळच मिळत नाही. वर जाग आल्यावर ते मोबाइलवर खऱ्या तुरुंगांचे व्हिडिओ पाहत. हे सगळ्यात आधी बंद करायला सांगितलं. शब्दांवरून उभं केलेलं चित्र मन थोडं धूसर ठेवू शकतं. व्हिडिओत ती मुभा नसते.

पहाटे जाग आली तर उठून बसायचं, दिवा लावायचा, पाय फरशीवर टेकवायचे. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, साधारण पाच मिनिटं. मग खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. इथे हमखास एक गोष्ट बिघडते: लोक श्वासाचा वापर चित्र ढकलून द्यायला करतात. ढकललं की ते दुप्पट जोराने येतं. त्यांचंही पहिल्या रात्री तसंच झालं. चित्र राहू द्यावं, फक्त बसलेल्या जागेचं भान सुटू देऊ नये.

खरा उतार पडला तो लिहिण्याने. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1980 च्या दशकात तपासलेली रीत साधी आहे: सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, जे आत आहे ते न थांबता लिहायचं. शुद्धलेखन पाहायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. आम्ही दुपारची वेळ ठेवली, रात्रीची नाही, आणि लिहून झाल्यावर अर्धा तास रिकामा. कादंबरीवर लिहायचं नव्हतं, बाबांना लिहायचं होतं. पहिल्या दिवशी बरं वाटण्याऐवजी जड वाटतं, हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर माणूस दुसऱ्या दिवशी वही उघडत नाही. जडपणा काही तासांत उतरायला हवा. दिवसभर वाढतच गेला तर लिहिणं थांबवून समुपदेशकाला कळवायचं.

टाळलेल्या रस्त्यावरून पुन्हा जाण्याचं काम सोबतच चाललं. टाळलेली जागा जितके दिवस टाळाल तितकी मोठी होत जाते. म्हणून आधी बायको मागे बसलेली असताना वर्धा रोडने, मग एकट्याने, मग रहाटे कॉलनी चौकाच्या आसपास गाडी बाजूला लावून उभं राहायचं. धडधड चढते आणि आपोआप उतरते, हे अंगाने अनुभवायचं. ती उतरायच्या आत निघून गेलं तर भीतीच पक्की होते, म्हणून घड्याळाकडे न पाहता छातीकडे लक्ष ठेवायचं.

हाच उपाय प्रत्येक वाचकाला लागू नाही. ज्यांनी स्वतः किंवा घरच्या माणसाने कोठडी भोगली आहे, किंवा ज्यांच्या घरात आत्महत्या झाली आहे, त्यांनी अशी कादंबरी एकट्याने रात्री वाचू नये. झोप, भूक, काम दोन आठवड्यांनंतरही रुळावर येत नसेल, कथानायकाचं मरण सुटकेसारखं वाटू लागलं असेल, तर समुपदेशनावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. नागपुरात मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार असतील तर दोन आठवडे थांबायचंच नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

राहता राहिली ती चाळीस पानं. पुस्तक पूर्ण करणं ही धैर्याची परीक्षा नाही आणि सोडणं हा पराभव नाही. दोन्हीपैकी काहीही जबरदस्तीने करू नये, एवढंच आम्ही सांगतो. त्यांनी वाचायचं ठरवलं. दिवसा, खुर्चीत बसून, एका वेळी दहा पानं, नंतर दहा मिनिटं चालणं. भेटीचा प्रसंग मात्र एकट्याने पुन्हा वाचला नाही. रविवारी दुपारी मोठ्या बहिणीला मोठ्याने वाचून दाखवला. त्या एप्रिलमध्ये गेटवर त्याही उभ्या होत्या, आणि त्या दिवसाचा विषय दोघांनी आजवर एकमेकांजवळ काढलाच नव्हता. त्या दुपारी काढला.