फ्रान्समधले निवासकार्ड, सात महिन्यांची गैरहजेरी आणि सासरी बदललेले नाव

प्रश्न : माझा जन्म 1966 साली साताऱ्यात झाला. लग्नानंतर, 1990 मध्ये, मी इंग्लंडला गेले आणि पुढे ब्रिटिश नागरिक झाले. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे) कार्डही आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये पती व मी नैऋत्य फ्रान्समधील एका खेड्यात कायमचे राहायला आलो. ब्रेक्झिट करारानुसार मिळालेल्या माझ्या पाच वर्षांच्या निवासकार्डाची मुदत मार्च 2026 मध्ये संपते. आईला पक्षाघात झाल्याने नोव्हेंबर 2022 ते जून 2023 असे सात महिने मी साताऱ्यात होते; मी एकुलती एक मुलगी आहे. आता चौकशीच्या खिडकीवर मला सांगितले की, सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यामुळे माझा हक्क गेला, इंग्लंडला परतून व्हिसा घ्या. शिवाय जन्मदाखला व पासपोर्ट यांतील नावे जुळत नाहीत म्हणून मला अजून कार्त व्हिताल, म्हणजे फ्रान्सचे आरोग्य विम्याचे कार्ड, मिळालेले नाही. सासरी माझे आडनावच नव्हे, तर नावही बदलले होते. राजपत्रात जाहिरात देऊन जन्मदाखला दुरुस्त करून घ्यावा का? साताऱ्यात आईबरोबरचे संयुक्त खातेही आहे, ते फ्रान्समध्ये कधी दाखवलेले नाही. फेब्रुवारीत पुन्हा आईकडे जायचे आहे.

उत्तर : सर्वप्रथम, खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर हा निर्णय नव्हे. फ्रान्समध्ये निवासहक्क नाकारायचा असेल तर प्रिफेक्चरला, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी प्रशासन कार्यालयाला, कारणांसह लेखी आदेश काढावा लागतो, आणि त्या आदेशाविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते. असा कोणताही आदेश आपल्या हाती नाही. त्यामुळे इंग्लंडला परतण्याचा विचार तूर्त पूर्णपणे बाजूला ठेवावा. तसे केल्यास आज शाबूत असलेला युक्तिवाद आपण स्वतःच्या हाताने कमकुवत कराल.

आपल्या कार्डावर युरोपीय संघ कराराच्या अनुच्छेद 50 चा आणि विलगीकरण कराराच्या, म्हणजे आपण म्हणता त्या ब्रेक्झिट कराराच्या, अनुच्छेद 18(1) चा उल्लेख असेल. हा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण 31 डिसेंबर 2020 पूर्वी फ्रान्समध्ये राहायला आलेल्या ब्रिटिश नागरिकांना आज नव्याने येणाऱ्या परदेशी व्यक्तीचे नियम लागू होत नाहीत. त्यांना त्या कराराचे नियम लागू होतात, आणि ते बरेच उदार आहेत. पाच वर्षांचे सलग व कायदेशीर वास्तव्य पूर्ण झाले की अनुच्छेद 15 नुसार कायम निवासाचा हक्क मिळतो, आणि त्यानंतर दहा वर्षांचे कार्ड दिले जाते. आपली पाच वर्षे ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण झाली. म्हणजे वास्तव्याची सलगता तुटली की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

सलगतेचा नियम 2004 च्या युरोपीय निर्देशातून करारात आलेला आहे. वर्षभरात एकूण सहा महिन्यांपर्यंतची गैरहजेरी कारण न विचारता चालते. त्याहून मोठी, पण सलग बारा महिन्यांपर्यंतची एक गैरहजेरी महत्त्वाच्या कारणासाठी माफ असते. बाळंतपण, गंभीर आजार, शिक्षण, परदेशातील नेमणूक अशी कारणे तेथे उदाहरणादाखल दिली आहेत. ती यादी परिपूर्ण नाही, आणि आजार अर्जदाराचा स्वतःचाच असला पाहिजे असेही तेथे म्हटलेले नाही. खिडकीवरच्या व्यक्तीने नियमाचा पहिला भाग सांगितला आणि दुसरा सांगितलाच नाही. एकुलत्या एका मुलीने पक्षाघात झालेल्या आईची शुश्रूषा करण्यासाठी सात महिने जाणे हे महत्त्वाचे कारण ठरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हा अपवाद एकदाच वापरता येतो, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी आपली आहे.

म्हणून पुरावा आता, सवड असतानाच, गोळा करावा. साताऱ्यातील रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे तारखेनिशी पत्र, आपण एकुलत्या एक आहात हे दाखवणारा एखादा कागद, आणि त्या सात महिन्यांत फ्रान्समधले घर चालूच होते याचा पुरावा, म्हणजे विजेची बिले, घरपट्टीची पावती आणि पतींचे तेथील वास्तव्य. जाण्या-येण्याच्या तारखा पासपोर्टवरील भारतीय शिक्क्यांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. काही परिचित ‘सात महिन्यांचे साडेपाच लिहा’ असा सल्ला देतील. तो ऐकू नये. खोटी तारीख पकडली गेली तर माफ होण्याजोगी गैरहजेरीही फसवणूक ठरते.

अर्ज कार्डाची मुदत संपण्याआधीच्या दोन महिन्यांत, म्हणजे जानेवारीत, आपल्या जिल्ह्याच्या प्रिफेक्चरच्या संकेतस्थळावर दिलेल्या पद्धतीने करावा. या कार्डासाठी शुल्क नाही. सोबत आयकर खात्याची वार्षिक निर्धारणपत्रे, म्हणजे आव्ही दॅपोझिस्यों, पाचही वर्षांची जोडावीत. फ्रान्समध्ये वास्तव्याचा याहून वजनदार पुरावा नाही, आणि तेथील कार्यालये रेशनकार्ड मागावे तितक्या सहजतेने ती मागतात. अर्जाला एक छोटे पत्र जोडून त्यात गैरहजेरी आपणहून नमूद करावी, कारण सांगावे आणि अनुच्छेद 15 चा आधार द्यावा. अनुच्छेद 18 मधील आणखी एक तरतूद लक्षात ठेवावी : अर्जदाराला हक्क सिद्ध करण्यास मदत करणे आणि त्रुटी दूर करण्याची संधी देणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. अर्ज अपुरा आहे म्हणून थेट फेटाळणे त्यात बसत नाही. हे पत्र आणि अर्जाची प्रत पोचपावतीसह नोंदणीकृत टपालानेही पाठवावी. तेथील टपालाची ती पोचपावती वकिलाच्या दृष्टीने सोन्यासारखी असते.

तरीही लेखी नकार आलाच, तर पत्राच्या शेवटी दाद मागण्याची मुदत छापलेली असते. ती साधारणपणे दोन महिने असते, परंतु देश सोडण्याचा आदेश सोबत असेल तर ती कमी होते. म्हणून छापलेली मुदतच प्रमाण मानावी आणि त्याच आठवड्यात स्थानिक वकील गाठावा. त्या वेळी दुसरा आधारही मांडता येईल : आपला विवाह 2020 च्या कितीतरी आधीचा आहे आणि पतींचे सलग वास्तव्य निर्विवाद आहे, त्यामुळे कराराखालील कुटुंबीय म्हणूनही आपले हक्क तपासावे लागतील.

आता नावाचा प्रश्न. माझ्या मते आपल्या प्रकरणातला खरा गुंता येथेच आहे, आणि राजपत्राच्या मार्गाने तो सुटणार नाही, उलट वाढेल. महाराष्ट्रात आपल्याला सवय असते ती जुना कागद नव्या कागदासारखा करून घेण्याची : पासपोर्टवर जे नाव असेल ते राजपत्रात छापून घ्यायचे आणि मग शाळेचा दाखला, जन्मदाखला, सातबारा सगळे त्यानुसार फिरवायचे. फ्रान्सचा विचार नेमका उलटा आहे. तेथे क्रांतीच्या काळातला, 23 ऑगस्ट 1794 चा कायदा आजही लागू आहे, आणि त्यानुसार जन्मनोंदीत असलेल्या नावाखेरीज दुसरे नाव कोणालाही धारण करता येत नाही. स्त्री विवाहानंतर पतीचे आडनाव वापरू शकते, परंतु ते केवळ वापरायचे नाव, नों दूजाज, असते. तिचे मूळ नाव, नों द नेसाँस, आयुष्यभर जन्मनोंदीतलेच राहते. अशा व्यवस्थेसमोर 1966 च्या जन्माचा, पण 2026 मध्ये सासरच्या नावाने दुरुस्त झालेला दाखला ठेवला, तर पहिली शंका त्या दाखल्याच्या खरेपणाचीच येईल. शिवाय जन्मनोंदीत दुरुस्ती करण्याची कायद्यातली तरतूद नोंदीतील चूक काढून टाकण्यासाठी आहे, आणि आपल्या नोंदीत चूक मुळीच नाही. जन्मदाखल्याला हात लावू नये.

करायचे काम असे की, माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांच्यामध्ये कागदाचा पूल उभा करायचा. आपल्यासारख्या फ्रान्सबाहेर जन्मलेल्या व्यक्तीचा सामाजिक सुरक्षा क्रमांक जन्मदाखल्यावरून तयार होतो. स्त्रियांचा क्रमांक 2 ने सुरू होतो, पुढे जन्मवर्ष व महिना, आणि मग भारतात जन्म झाल्यामुळे 99223. तो पक्का होईपर्यंत हंगामी क्रमांक मिळतो. स्त्रियांसाठी तो 8 ने सुरू होतो. आपल्या पत्रांवरचा क्रमांक तसाच असणार, आणि तोवर कार्त व्हिताल मिळत नाही, डॉक्टरांच्या कागदी पावत्या टपालाने पाठवत बसावे लागते. म्हणजे आपला हक्क नाकारलेला नाही, ओळख अडकलेली आहे.

त्यासाठी पहिला कागद म्हणजे आई-वडिलांच्या नावांसह असलेला जन्मदाखला, तोही नगरपालिकेकडून नव्याने काढलेला. घरातला लॅमिनेट केलेला जुना दाखला कितीही प्रेमाने जपलेला असला तरी उपयोगाचा नाही, कारण त्यावर अपोस्टील, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का, लागत नाही. नवा दाखला मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत घ्यावा. फ्रेंच न्यायालयाच्या यादीतील शपथबद्ध अनुवादक इंग्रजीसाठी सहज मिळतात, मराठीसाठी मिळवताना नाकी नऊ येतात. दाखल्यावर आधी राज्य शासनाचे प्रमाणन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील घ्यावे. भारत व फ्रान्स दोघेही अपोस्टीलच्या हेग करारात असल्याने वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. हे काम साताऱ्यातला एखादा विश्वासू नातलग अधिकारपत्रावर करू शकतो. विवाह नोंदणीचा दाखलाही याच पद्धतीने घ्यावा.

मात्र विवाहाच्या दाखल्यावर बहुधा आपले फक्त माहेरचे नाव असेल. त्यामुळे आडनाव का बदलले हे त्यातून कळते, पण पहिले नाव का बदलले हे कळत नाही. येथे ब्रिटिश नागरिकत्वाचे प्रमाणपत्र कामी येईल. त्यावर ‘जन्मावेळचे नाव वेगळे असल्यास’ असा रकाना असतो. तो आपल्या बाबतीत भरलेला आहे का ते आजच पाहावे. भरलेला असेल तर दोन्ही नावे एका सरकारी कागदावर एकत्र आली, आणि निम्मे काम झाले. रद्द झालेला भारतीय पासपोर्ट सापडल्यास त्यातील वडिलांचे व पतीचे नाव असलेले पानही जोडावे. याच्या जोडीला सेर्तिफिका द कुत्यूम नावाचा कागद घ्यावा. संबंधित देशाचा कायदा किंवा रूढी जाणणाऱ्या वकिलाने ती परकीय प्रशासनाला समजावून सांगणारे हे पत्र असते. महाराष्ट्रात मधले नाव वडिलांचे असते, विवाहानंतर तेथे पतीचे येते आणि काही घरांत वधूचे नावही बदलले जाते, ही आपल्याला इतकी परिचित गोष्ट फ्रेंच अधिकाऱ्याला कोणीतरी लिहून सांगितल्याशिवाय कशी कळणार? त्याला तर मधले नाव हे दुसरे नावच वाटते, आणि एका दाखल्यावर वडिलांचे व दुसऱ्यावर पतीचे नाव पाहून तो दोन वेगळ्या बायका समजतो. केवळ ‘त्या दोन्ही व्यक्ती मीच’ असे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले जाईल यावर विसंबू नये. ते पूरक म्हणून द्यावे.

निवासकार्डाचा अर्ज आणि नावाचे प्रकरण एकमेकांत मिसळू नये. कार्डाचा अर्ज पासपोर्टवरच्या नावानेच, अक्षर न बदलता करावा. नावाची संचिका आरोग्य विम्याच्या कार्यालयाकडे स्वतंत्र जाऊ द्यावी. एकीकडची शंका दुसरीकडे नेऊन कार्ड लांबवण्यात काही शहाणपणा नाही.

साताऱ्याच्या खात्याबाबत दिरंगाई परवडणारी नाही. फ्रान्सच्या रहिवाशाने परदेशातील प्रत्येक खाते, त्यात पैसे असोत वा नसोत, दरवर्षी विवरणपत्रासोबत 3916 या नमुन्यात दाखवायचे असते. संयुक्त खातेही यात येते, आणि इंग्लंडमधील खातीही. न दाखवलेल्या प्रत्येक खात्यामागे दरवर्षी 1,500 युरो दंडाची तरतूद आहे. आयकर खात्याचे पत्र येण्याआधी आपणहून मागील वर्षांची सुधारित विवरणपत्रे द्यावीत. 2018 च्या कायद्याने प्रामाणिक चुकीला जी सवलत दिली आहे, ती मागण्यासाठी आपणहून पुढे येणे हीच भक्कम बाजू असते. व्याज मिळाले असल्यास तेही दाखवावे. भारतात कापलेल्या कराचा विचार दोन्ही देशांतील करारानुसार होतो. साताऱ्यातील बँकेला मात्र आपले परदेशी वास्तव्य कळवले आहे का? नसेल तर फेमा या भारताच्या परकीय चलन कायद्याखाली साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे खाते, करून घ्यावे लागते. खात्यावर पहिले नाव आईचे असेल तर नियम थोडे निराळे आहेत, म्हणून पासबुक पाहूनच शाखेत बोलावे.

फेब्रुवारीतल्या प्रवासाला कायद्याची आडकाठी नाही. जानेवारीत अर्ज केल्याची पोच हाती आल्यावरच निघावे, आणि जुन्या कार्डाची मुदत संपण्याआधी फ्रान्समध्ये परतावे. कार्डाबरोबर हक्क संपत नसला, तरी विमानतळावर मुदत संपलेले कार्ड दाखवून हे समजावत बसणे त्रासाचे आहे. परतताना पासपोर्टच्या आधी निवासकार्ड पुढे करावे. 12 ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर सुरू झालेल्या बोटांच्या ठशांच्या नव्या नोंदणीतून करारातील कार्डधारक वगळलेले आहेत, आणि 180 दिवसांत 90 दिवसांची पर्यटकांची मर्यादाही आपल्याला लागू नाही. कोणी चुकून पासपोर्टवर शिक्का मारलाच तर तेथेच हरकत घ्यावी आणि कार्डाची प्रत जपून ठेवावी. या खेपेचा मुक्काम सहा महिन्यांच्या बराच आत ठेवावा, कारण आजारपणाचा अपवाद आपण एकदा वापरलेला आहे. कायम निवासाचे कार्ड हाती आल्यावर मात्र सलग पाच वर्षे बाहेर राहिल्याशिवाय तो हक्क जात नाही.